विद्यापीठाचा अर्ज : आधी तारखा मोजा, मग कोर्स निवडा

(गणेशोत्सवानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, मंदिराच्या सभागृहात इयर ९ ते इयर १३ मधली मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर.)

 

आरती झाली, महाप्रसादाला अजून थोडा वेळ आहे. तेवढ्यात मी जरा रुक्ष विषय घेऊन उभी राहिले आहे. तारखा, फॉर्म आणि पैसे. गणपतीकडे आपण बुद्धी मागतो ती अशा कामांसाठीही वापरायची असते, असं समजून ऐका.

विद्यापीठाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कुठली युनिव्हर्सिटी?" दुसरा येतो, "ग्रेड्स किती लागतात?" दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो : या मुलाला 'होम' फी लागणार की 'ओव्हरसीज'?

एकाच शाळेत, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणी डोळ्यांसमोर आणा. विषय तेच, ग्रेड्स त्याच, कोर्सही तोच. एकीला वर्षाची फी ९,५३५ पौंड, आणि तीही आज खिशातून द्यायची नाही, सरकारी कर्जातून जाते. दुसरीला १५ हजारांपासून ३० हजारांच्याही वर, मेडिसिनला तर बऱ्याच ठिकाणी ४० हजारांच्या वर. आणि कर्ज शून्य. फरक अभ्यासाचा नाही. फरक आहे तो १ सप्टेंबरला त्या मुलीचा इथला दर्जा काय होता आणि ती इथे किती वर्षं राहिली होती याचा.

हे बऱ्याच घरांत इयर १३ मध्ये कळतं. तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. म्हणून आज इयर ९ आणि इयर १०च्या पालकांनाही मुद्दाम बोलावलं आहे.

फी कशी ठरते

इंग्लंडचा साधारण नियम असा. कोर्स ज्या शैक्षणिक वर्षात सुरू होतो त्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे शरद ऋतूत सुरू होणाऱ्या कोर्ससाठी १ सप्टेंबरला, दोन गोष्टी पाहिल्या जातात. एक, विद्यार्थी इथे कायमचा स्थायिक आहे का? म्हणजे ब्रिटिश नागरिकत्व, आयएलआर किंवा तत्सम दर्जा. दोन, त्या दिवसाआधीची सलग तीन वर्षं त्याचं नेहमीचं वास्तव्य इथेच होतं का? दोन्ही हवं. एक असून भागत नाही.

आपल्या माणसांची गल्लत होते ती इथे. काही जण म्हणतात, "आमचा मुलगा इथेच जन्मला, तो ब्रिटिशच." तसं नाही. १ जानेवारी १९८३ नंतर इथे जन्मलेलं मूल जन्मानेच ब्रिटिश होतं, ते आई किंवा वडील त्या वेळी ब्रिटिश किंवा स्थायिक असतील तरच. नसतील तर पुढे पालकांपैकी एकाला आयएलआर मिळाला की मुलाचं वय १८ व्हायच्या आत त्याची नागरिक म्हणून नोंद करता येते. पण ती करावी लागते. आपोआप काही होत नाही.

उलटी गल्लतही तितकीच होते. "ब्रिटिश पासपोर्ट आहे, आता काय चिंता?" चिंता आहे. कुटुंब चार वर्षं पुण्याला परत गेलं, किंवा वडिलांच्या नोकरीमुळे दुबईला राहिलं, आणि मुलाला थेट विद्यापीठासाठी इकडे आणलं, तर पासपोर्ट ब्रिटिश असूनही ओव्हरसीज फी लागू शकते. तात्पुरत्या नोकरीसाठी बाहेर असल्याचं कागदपत्रांनिशी दाखवता आलं तर विद्यापीठ विचार करतं, पण ते गृहीत धरू नका. अकरावी-बारावीसाठी मुलाला आजीकडे पाठवायचा बेत असेल तर त्याआधीही याचा विचार करा.

आधी वडील, मग आई आणि मुलं

आपल्यातल्या फार मोठ्या संख्येच्या कुटुंबांचा प्रवास असा असतो : वडील किंवा आई स्किल्ड वर्कर व्हिसावर आधी येतात, घर लागतं, आणि मग वर्षा-दोन वर्षांनी बाकीचे येतात. यात व्यवहार आहे, शहाणपणही आहे. पण त्याचा मुलाच्या आयएलआरवर काय परिणाम होतो ते कुणी सांगत नाही.

मुलाला आयएलआर मिळायचा तर साधारणपणे आई आणि वडील दोघंही स्थायिक झालेले असावे लागतात, किंवा दोघांचं बरोबरीने व्हावं लागतं. एकच पालक हयात आहे किंवा एकाच पालकावर सगळी जबाबदारी आहे, असे अपवाद आहेत. एरवी दोघं.

आता हिशेब करू. समजा वडील जानेवारी २०२१ मध्ये आले. आई आणि मुलगी ऑक्टोबर २०२२ मध्ये आल्या. मुलीचा जन्म मार्च २००८चा, म्हणजे ती आज इयर १३ मध्ये आहे. आजच्या पाच वर्षांच्या नियमाने वडिलांचा आयएलआर जानेवारी २०२६ मध्ये. आईचा ऑक्टोबर २०२७ मध्ये. मुलीचाही तेव्हाच. ती सप्टेंबर २०२६ ला विद्यापीठात गेली तर ओव्हरसीज. एक वर्ष थांबली, तरी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख थोडक्यात हुकते. म्हणजे दोन वर्षं. हीच आई आणि मुलगी दोन-तीन महिने आधी आल्या असत्या, तर एकाच वर्षाच्या थांबण्यावर भागलं असतं.

यात आणखी तीन गोष्टी धरा. साध्या प्रक्रियेत निर्णयाला सहा महिनेही लागू शकतात. मुलाचं वय १८ झालं असेल तर त्यालाही लाइफ इन द यूके परीक्षा द्यावी लागते. आणि अर्जाची फी एप्रिल २०२५ पासून माणशी ३,०२९ पौंड आहे. चार जणांच्या घराला बारा हजारांहून जास्त. ती ऐन वेळी उभी करायला लागू नये म्हणून आजपासून बाजूला काढा.

शिवाय सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत हा पाच वर्षांचा काळ सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आहे. म्हणून मी आज सांगितलेला हिशेब कायमचा समजू नका. अर्जाच्या वेळी सरकारी संकेतस्थळावरचा नियम वाचायचाच.

अर्ध्या आयुष्याचा नियम

आयएलआर नसला तरी एक दार उघडं आहे. ते उघडलं एका विद्यार्थिनीमुळे. सहा वर्षांची असताना ती झांबियातून इथे आली, इथल्याच शाळांत शिकली, विद्यापीठात जागा मिळाली, पण स्थायिक दर्जा नाही म्हणून कर्ज नाकारलं गेलं. तिचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जुलै २०१५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्यानंतर दीर्घ वास्तव्याचा नियम आला.

तो असा : पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर इथे किमान सात वर्षं, आणि १८ किंवा त्याहून मोठा असेल तर किमान अर्धं आयुष्य किंवा वीस वर्षं इथे काढलेली हवीत. शेवटची तीन वर्षं वैध परवानगीने राहिलेलं असणंही आवश्यक आहे.

"सात वर्षं" हे ऐकून पालक सुटकेचा नि:श्वास टाकतात. जरा थांबा. इथल्या शाळेचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्टच्या जन्मतारखांवर चालतं. म्हणजे इयर १३ संपवून नेहमीच्या वेळी जाणारं जवळजवळ प्रत्येक मूल १ सप्टेंबरला १८ वर्षांचं झालेलंच असतं. त्याला सात वर्षांचा नियम लागत नाही, अर्ध्या आयुष्याचा लागतो. १ मार्च २००८ ला जन्मलेला मुलगा १ सप्टेंबर २०२६ ला साडेअठरा वर्षांचा असेल. अर्धं म्हणजे सव्वानऊ वर्षं. तो १ जून २०१७ च्या आधी इथे आलेला हवा. आज घरी गेल्यावर कागद घ्या आणि आपल्या मुलाचा हिशेब याच पद्धतीने मांडा. पासपोर्टवरचे शिक्के, शाळेत नाव घातल्याची पत्रं, जीपीकडची नोंद हे सगळं जपून ठेवा. पुरावा म्हणून लागतं.

फीचा दर्जा विद्यापीठ ठरवतं. शंका असेल तर ते प्रश्नावली पाठवतात. ती पूर्ण आणि खरी भरा. नियम समजून घ्यायला यूकेसीसाच्या संकेतस्थळावर विनामूल्य माहिती आहे. आणि एक स्पष्ट सांगते : तुमच्या स्वतःच्या व्हिसाबाबत काय करावं हा सल्ला आमच्यापैकी कुणी देणार नाही, मंदिरात ओळखीच्या कुणाकडे मागूही नका. इमिग्रेशनचा सल्ला देण्यासाठी इथे कायद्याने नोंदणी लागते. नोंदणीकृत सल्लागार किंवा सॉलिसिटरकडेच जा.

मुलांपासून लपवू नका

पालकांनो, आता थोडं मनातलं. बऱ्याच घरांत मुलांना आपण कुठल्या व्हिसावर आहोत हे माहीतच नसतं. "उगाच डोक्याला ताप नको, अभ्यास करू दे" असा आपला विचार असतो. मग ते मूल वर्गातल्या सगळ्यांबरोबर ओपन डेला जातं, कोर्स निवडतं, तिथल्या हॉस्टेलच्या खोल्या बघून येतं. आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळे स्टुडंट फायनान्सचा फॉर्म भरायला बसतात तेव्हा त्याला कळतं की आपल्याला हे नाही. त्याला वाटतं आपण कुठेतरी कमी पडलो. मित्रांना सांगायची लाज वाटते. वाईट बातमीपेक्षा ती इतक्या उशिरा कळल्याचा घाव मोठा असतो.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलाला जवळ बसवून सरळ सांगा. मुलं समजूतदार असतात. वेळ असेल तर वाटाही असतात. एखादं वर्ष थांबून नोकरी करणं हा कमीपणा नाही. डिग्री ॲप्रेंटिसशिप आहे : नोकरी, पगार आणि पदवी एकत्र, आणि विद्यार्थ्याला फी नाही. तिथले निवासाचे निकष विद्यापीठाच्या कर्जापेक्षा वेगळे आहेत. तीन वर्षं इथे राहून काम करण्याची परवानगी असलेल्यांना, आयएलआर नसला तरी, बरेचदा संधी असते. काही विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या कर्ज न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असतात, पण त्यांच्या तारखा लवकर संपतात. विचारणा इयर १२ मध्येच करायची.

यूकासचा अर्ज

आता मुलांनो, तुमच्याकडे वळते. इयर १३ वाल्यांनी लिहून घ्या. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, आणि मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटर्नरी यांसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ६. बाकी बहुतेक कोर्सेससाठी १४ जानेवारी २०२६, संध्याकाळी ६. शाळेची स्वतःची तारीख याच्या बरीच आधीची असते, कारण शिक्षकांना शिफारस लिहायची असते. शाळेचीच तारीख खरी माना.

पाच जागा निवडता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकच. मेडिसिनला चारच जागा, पाचवी दुसऱ्या विषयाला देता येते. ती रिकामी सोडू नका. आणि घरच्यांच्या आग्रहाखातर मेडिसिन भरत असाल तर एकदा घरात मोकळेपणाने बोला. यूकॅट, मुलाखत, मग पाच-सहा वर्षांचा अभ्यास. दुसऱ्याच्या इच्छेवर एवढं चालणं कठीण. ओव्हरसीज विद्यार्थ्यांसाठी मेडिसिनच्या जागाही मोजक्याच असतात.

पर्सनल स्टेटमेंट यंदापासून बदललं आहे. सलग निबंध गेला, तीन प्रश्न आले : हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० अक्षरचिन्हं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० चं. मोठ्या भावाच्या स्टेटमेंटवरून उतरवू नका. यूकास प्रत्येक मजकूर आधीच्या मजकुरांशी ताडून पाहते.

तिसऱ्या प्रश्नाला आपली मुलं अडखळतात. "मी तर काहीच केलेलं नाही," म्हणतात. मग बोलता बोलता कळतं की शनिवारी आजोबांना दवाखान्यात नेऊन डॉक्टरांचं बोलणं मराठीत समजावून सांगणारी हीच, किंवा मंदिरात दोनशे पानांच्या पंगतीचा हिशेब ठेवणारा हाच. हे सगळं लिहिण्यासारखं आहे. फक्त काम केलं एवढं लिहून थांबू नका. त्यातून काय शिकलात आणि विषयाशी त्याचं नातं काय, ते लिहा.

अर्जाची फी २८.९५ पौंड आहे. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्यांना ती माफ आहे. ते सांगायला लाजू नका. त्याच आधारावर काही विद्यापीठं थोड्या कमी ग्रेडचीही ऑफर देतात.

ऑफर आल्यावर एक 'फर्म' आणि एक 'इन्शुरन्स' निवडायची. इन्शुरन्स खरोखर कमी ग्रेडची हवी, नाहीतर तिचा उपयोग नाही. ऑगस्टमध्ये निकाल मनासारखा नाही लागला तर क्लिअरिंग आहे. त्या दिवशी विद्यापीठाला फोन विद्यार्थ्यानेच करायचा असतो, बाबांनी नाही. आणि त्या आठवड्यात भारताची तिकिटं काढू नका.

कर्ज आणि खर्च

ज्यांना स्टुडंट फायनान्स मिळतं त्यांच्याही घरी कर्ज या शब्दाची धास्ती असते. घर गहाण टाकून दागिने मोडण्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या. हे कर्ज तसं नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ नंतर सुरू करणाऱ्यांना वर्षाच्या २५,००० पौंडांवरच्या कमाईच्या ९ टक्के फेडावे लागतात. पगार ३०,००० असेल तर वर्षाला ४५०, महिन्याला साडेसदतीस पौंड. नोकरी गेली तर हप्ता थांबतो. ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. व्याज आहे, आणि ४० वर्षं म्हणजे जवळजवळ सगळी नोकरी, हेही खरं. हे तोलूनच निर्णय घ्या. पण भीतीपोटी घरची सगळी बचत एकदम फीमध्ये घालण्याआधी विचार करा.

खरी ओढाताण राहण्याच्या खर्चाची होते. मेंटेनन्स कर्ज घरच्या उत्पन्नावर ठरतं. २०२५-२६ साठी, उत्पन्न २५,००० पौंड किंवा कमी असेल तर लंडनमध्ये घराबाहेर राहणाऱ्याला १३,७६२, लंडनबाहेर १०,५४४ आणि घरीच राहणाऱ्याला ८,८७७. उत्पन्न वाढेल तसं कर्ज घटतं आणि मधली तूट पालकांनी भरायची असं धरलेलं असतं. पत्रात तसा आकडा लिहून येत नाही, तो तुम्हीच वजाबाकी करून काढायचा. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरतात; तुमची कमाई त्यानंतर १५ टक्के किंवा जास्त घटली असेल तर चालू वर्षाचं धरा असा अर्ज करता येतो. जागा पक्की होईपर्यंत फॉर्म भरायचं थांबू नका.

घर सोडल्यावर

जाण्याआधी मेनएसीडब्ल्यूवाय लस झाली आहे का पाहा. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवा. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना काउन्सिल टॅक्स नसतो. दुसऱ्या वर्षी मित्रांबरोबर घर घेताना एकत्रित करार असेल तर एकाने भाडं चुकवल्यास ते बाकीच्यांकडून आणि त्यांच्या जामीनदारांकडून मागता येतं. जामीनदार म्हणजे बहुधा तुमचे आईबाबा. घर न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवू नका.

डिस्लेक्सिया, दीर्घ आजार, नैराश्य, चिंता असं काही असेल तर डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्ससाठी अर्ज करा. ते कर्ज नाही, फेडावं लागत नाही, घरच्या उत्पन्नाशी त्याचा संबंध नाही. "लोक काय म्हणतील" हा विचार तिथे नको. अर्जात सांगितल्याने प्रवेश नाकारला जात नाही.

आणि पालकांनो, मूल १८ चं झालं की विद्यापीठ त्याचे मार्क, हजेरी, तब्येत याबद्दल तुम्हाला काहीही कळवणार नाही. फोन करून विचारलं तरी नाही. म्हणून घरात असं नातं ठेवा की नापास झाल्याची बातमी मूल आधी तुम्हालाच सांगेल. रविवारच्या फोनवर "अभ्यास कसा चाललाय" याच्या आधी "जेवलास का, झोप लागते का" विचारा. मुलांनो, मन फार जड झालं, घरी बोलता येत नसेल, तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा फोन रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो. मंदिराचं दारही उघडं आहे.

एक विनंती

ट्रस्टच्या विद्यार्थी निधीतून आपण लॅपटॉप, खोलीचं डिपॉझिट, ओपन डेचा प्रवास अशा अडलेल्या गोष्टींना हातभार लावतो. कुणाची ओव्हरसीज फी भरण्याएवढा हा निधी नाही, आणि तसं आश्वासन आम्ही देत नाही. पण तीनशे पौंडांसाठी एखाद्या मुलाची जागा अडू नये, एवढं आपल्याला नक्की जमेल. मदत कुणाला दिली ते नाव समितीबाहेर जात नाही. मागायला संकोच करू नका.

देणाऱ्यांनी गिफ्ट एडचा फॉर्म जरूर भरावा. तुम्ही इथे पुरेसा कर भरत असाल तर दर पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून ट्रस्टला मिळतात. पैशांइतकीच गरज वेळेची आहे. आपल्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, शिक्षक, अकाउंटंट आहेत. महिन्यातला एक रविवार दोन मुलांचे अर्ज वाचून द्या, एखाद्याची सराव-मुलाखत घ्या. विद्यापीठात शिकणाऱ्या ताई-दादांनी सुट्टीत येऊन धाकट्यांशी बोला. आमच्यापेक्षा तुमचं ते जास्त ऐकतात. नावं बाहेरच्या टेबलावर लिहून घेत आहोत.

इयर ९ आणि १०च्या पालकांनी आज रात्री एवढंच करा : मुलाची जन्मतारीख, घरातला प्रत्येक जण इथे आल्याची तारीख, आणि मुलाच्या अठराव्या वर्षाचा १ सप्टेंबर, या तारखा एका कागदावर लिहा आणि तो कागद मुलासमोर ठेवून बोला.

गणपती बाप्पा मोरया. चला, पानं वाढली आहेत.